चौथा खळगा

कळंबच्या शिवारात दगडीपाला शोधायला जावं लागत नाही. चारीच्या कडेला, उसाच्या बांधावर, देवळाच्या पायरीच्या फटीत, जिथं चार बोटं माती मिळेल तिथं तो असतो. जमिनीला बिलगून पसरतो आणि मधूनच एक लांब दांडी वर काढून तिच्या टोकावर पिवळं फूल धरतो. फुलाच्या कडेनं चार-पाच पांढऱ्या पाकळ्या. त्या दांडीवरून कुठं त्याला एकदांडी म्हणतात, कुठं कंबरमोडी. पुस्तकातलं नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. हे तण मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. आपल्याकडं आलं आणि असं रुजलं, की ते परगावचं आहे हे आज कुणाला सांगूनही पटत नाही. कोयत्यानं बोट कापलं की माणूस खाली वाकतो, मूठभर पाला खुडतो, तळहातावर चोळतो आणि हिरवा रस जखमेवर पिळतो. रक्त थांबतं. माणूस परत उसाला लागतो.

अशा पाल्याची आणि तो लावणाऱ्या एका आज्जीची ही गोष्ट.

गळिताचा हंगाम सुरू झाला की आज्जीच्या दारात सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी एका हातात दुसरा हात धरून उभं असायचं. बीडकडून आलेल्या टोळ्यांतली बायामाणसं, गाडीवान, गावातली पोरं. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. दिवसभर फडात असणाऱ्याचे हात ओरबाडलेलेच असतात, त्यात कोयता निसटला तर विचारायलाच नको. आज्जी कुणाकडून पैसा घ्यायची नाही. पण तिची एक रीत होती. आलेल्या माणसाची जखम ती आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची, मग विचारायची, "कशानं लागलं? किती आत गेलं? माती-शेण लागलंय का?" उत्तर ऐकून कुणाला पाला लावायची, तर कुणाला सरळ परत पाठवायची. "हे माझं काम न्हाय. दवाखान्यात जा, सुई घे. आत्ताच्या आत्ता." माणूस कुरकुरायचा, दवाखाना लांब आहे म्हणायचा, मजुरी बुडते म्हणायचा. आज्जी ढिम्म हलायची नाही. घरातल्यांना तो म्हातारपणाचा हेका वाटायचा.

तिची नात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. वर्षाअखेर प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा असतो, आणि बहुतेक पोरं मागच्या वर्षीचीच वही पुढं ओढतात. नातीनं मात्र ठरवलं की आपण आज्जीचा पाला तपासायचा. लहानपणापासून तिच्या गुडघ्यांवर तोच रस पिळला गेला होता. तिला वाटायचं, आज्जीला चार माणसं अडाणी म्हणतात. एकदा प्रयोगशाळेनं शिक्का मारला की बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील. हा हेतू वाईट नव्हता. पण प्रयोग सुरू व्हायच्या आधीच निकाल तिनं मनात लिहून ठेवला होता, आणि तिथंच तिचं पाऊल चुकलं होतं.

ही बातमी नानांच्या कानावर जायला दोन दिवसही लागले नाहीत. नाना म्हणजे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ. माणूस खटपट्या, मनानं वाईट नव्हे. आषाढी एकादशीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. लाखो पाय चालत असतात. फोड, भेगा, काटे, ठेचा. नाना म्हणाले, "पोरी, तू तेवढं कॉलेजातनं सिद्ध करून आण. आपण अर्क काढू, छोट्या बाटल्या भरू, पालखीत विकू. वारकऱ्यांची सेवा बी हुईल आन् तुझ्या पुढच्या शिक्षणाची सोय बी." पुढच्या शिक्षणाचं नाव काढल्यावर पोरगी गप्प झाली. पुण्यात राहायचा खर्च तिनं मनातल्या मनात कितीतरी वेळा मांडून पाहिला होता.

डिसेंबरात काम सुरू झालं. कॉलेजातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तिला पाल्याचा ढीग बाजूला ठेवायला लावला आणि फूल, मूळ, दांडीसकट एक अख्खं झाड वर्तमानपत्रात दाबून वाळवायला सांगितलं. पोरगी म्हणाली, "मॅडम, दगडीपाला कोण ओळखत नाही?" मॅडमनी तिला गुळवेलीची हकीकत सांगितली. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे उकळले. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी अशा काही रुग्णांची नोंद छापली, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली: गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे, रुग्णांनी ती घेतली नव्हती कशावरून? "आता मला सांग," मॅडम म्हणाल्या, "त्या माणसांनी जे घेतलं त्याची एक फांदी जरी कुणी जपून ठेवली असती, तर हा वाद एका दिवसात मिटला असता." पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे, तो याचसाठी. पोरीनं झाड दाबलं, खाली तारीख आणि कळंबच्या बांधाचं ठिकाण लिहिलं.

मग पाला सावलीत वाळवला. उन्हात वाळवला तर त्यातलं बरंच काही उडून जातं, बिघडतं. मिक्सरमध्ये दळला. भुकटीचे दोन भाग केले. एक पाण्यात भिजत घातला, एक अल्कोहोलमध्ये. पाण्यात काही द्रव्यं उतरतात, अल्कोहोलमध्ये वेगळी उतरतात. दोन दिवसांनी गाळून अल्कोहोलचा अर्क हातात आला तो गडद हिरवा, जवळजवळ काळा. तो वॉटर बाथवर ठेवून सगळं अल्कोहोल उडवायचं असतं. त्याला वेळ लागतो. पोरीला संध्याकाळची एसटी गाठायची होती. थोडा आटला तसा तिनं उतरवला.

पुढचं काम तिच्या आवडीचं. पेट्री प्लेटमध्ये अगारचा थर. त्यावर कापसाच्या बोळ्यानं स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सारवायचा. आपल्या कातडीवर, नाकात राहणारा आणि जखमेत शिरला की पू करणारा हाच. अगारला टोचणीनं ८ मिलिमीटरचे गोल खळगे पाडायचे आणि खळग्यात तपासायचं द्रव्य थेंबाथेंबानं सोडायचं. प्लेट ३७ अंशांवर २४ तास ठेवली की जंतू दुधाच्या सायीसारखे सगळीकडं पसरतात. द्रव्यात दम असेल तर खळग्याभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ वर्तुळ राहतं. ते वर्तुळ पट्टीनं मोजायचं. तिनं तीन खळगे पाडले: पाण्यातला अर्क, अल्कोहोलमधला अर्क आणि तुलनेसाठी स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक.

दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरली. पाण्याच्या अर्काभोवती काही नाही. स्ट्रेप्टोमायसिनभोवती २४ मिलिमीटर. आणि अल्कोहोलच्या अर्काभोवती काचेसारखं स्वच्छ, १६ मिलिमीटरचं वर्तुळ.

तिनं फोटो काढला, घरच्यांना पाठवला. नानांनी त्याच दिवशी इंदापूरला जाऊन छापखान्यात ५०० लेबलं सांगितली: वर दगडीपाल्याचं फूल, खाली ‘प्रयोगशाळेत सिद्ध’.

मॅडमनी प्लेट पाहिली. छान सारवलंयस म्हणाल्या. मग विचारलं, "नुसतं अल्कोहोल कुठंय?"

"म्हणजे?"

"चौथा खळगा. ज्यात पाला नाही. अर्कात पाल्याचं द्रव्य आहे आणि अल्कोहोलही आहे. जंतू कुणी मारले, ते या प्लेटला सांगता येत नाही."

इथं मला जरा थांबावंसं वाटतं. प्रयोगशाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं महागडी यंत्रं येतात. पण या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग हा रिकामा खळगा आहे. त्याला काही पैसे पडत नाहीत. आपल्याला जे खरं ठरायला हवं आहे तेवढं सोडून बाकी सगळं त्यात घालायचं आणि काय होतं ते पाहायचं, एवढंच. ते करायला यंत्र लागत नाही, छाती लागते.

तिनं नवी प्लेट घातली. चार खळगे. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती १६ आणि नुसत्या अल्कोहोलभोवती १५. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. एखाद्या मिलिमीटरचा फरक, कधी इकडं, कधी तिकडं. एसटीच्या घाईत अर्कात राहिलेलं अल्कोहोलच जंतू मारत होतं. आज्जीचा पाला बाजूला उभा राहून बघत होता.

तिनं उरलेला अर्क नीट, पूर्ण कोरडा होईतो आटवला. तळाशी राहिलेला चिकट गोळा दुसऱ्या सौम्य द्रावकात विरघळवला, त्याच द्रावकाचा रिकामा खळगा शेजारी ठेवला. आता वर्तुळ आलं १० मिलिमीटरचं. खळगाच ८ चा. म्हणजे भोवती मिलिमीटरभर कड. अगदीच काही नाही असं नव्हे. पण त्यावर ‘सिद्ध’ लिहायला कुणाचा हात धजावला नसता.

त्या रात्री ती जेवली नाही. पहिल्या प्लेटचा फोटो मोबाइलमध्ये होताच. पोस्टरवर तोच लावला तर कोण विचारणार होतं? प्लेट खोटी नव्हती, १६ हा आकडाही खोटा नव्हता. फक्त एक खळगा सांगायचा राहिला, एवढंच.

तिचे वडील शेजारच्या वालचंदनगरला कारखान्यात वेल्डर आहेत. वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात तिथं साखर कारखाना उभा केला. पुढं त्याच गावात यंत्रं घडू लागली आणि इस्रोच्या रॉकेटची कवचंही. वडिलांना मिलिमीटरची भाषा कळत होती. तिनं सगळं सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडं जोड दिसतो कसा, हे कुणी बघत न्हाय. एक्स-रे काढत्यात. फिल्मवर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आला तरी तेवढा भाग उकरायचा, परत भरायचा, परत एक्स-रे. पहिल्या वर्षी मला लई राग यायचा त्या माणसाचा. वाटायचं, ह्यो माझं काम नासवायला बसलाय." ते थांबले. "मग एकदा रॉकेट उडताना टीव्हीवर बघितलं. वर गेलं. तवा समजलं, त्यो माणूस नसता तर मला ते बघायला भ्या वाटलं असतं."

आज्जी चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत येऊन बसली आणि नातीला विचारलं, "काय म्हणतीया तुझी ताटली? पाल्यानं किडं मरत न्हाईत?"

"फारसे नाही मरत, आज्जी."

"मग? मी कवा म्हणले किडं मरत्यात म्हून?"

पोरगी बघतच राहिली.

"मी म्हणले रगात थांबतं. धुतलेल्या, वरच्यावर कापलेल्या जखमंचं रगात थांबतं, खपली लवकर धरती. किडं माराया साबण हाय. पाला लावायच्या आधी मी धुती का न्हाय?"

हे खरं होतं. वीस वर्षं तिच्यासमोर आज्जी जखम धूत आली होती आणि प्रयोगाच्या वहीत त्या धुण्याची एक ओळ नव्हती. आज्जीचं म्हणणं काय आहे, हे आज्जीला न विचारताच ती ते सिद्ध करायला निघाली होती.

"आन् आत गेलेल्या जखमंला मी पाला का लावत न्हाय, ते तरी इचारलंस का कवा?"

नाही. कुणीच कधी विचारलं नव्हतं.

मग आज्जीनं सांगितलं. बहात्तरचा दुष्काळ. तिचं माहेर माण तालुक्यातलं. ती बारा वर्षांची, थोरला भाऊ अठराचा. गावात प्यायला पाणी नव्हतं, सरकारी कामावर सगळं गाव खडी फोडायला जायचं. खायला मिलो ज्वारी आणि सुकडी. एक दिवस भावाच्या पायात पहारीचं टोक घुसलं, अंगठ्याच्या शेजारी, खोल. वर रक्त फार आलं नाही. बहीण म्हणून तिनंच धावत जाऊन ओढ्याच्या काठावरून पाला आणला, चोळला, भोकात गच्च भरला, वरून फडकं बांधलं. रक्त थांबलं. भाऊ दुसऱ्या दिवशी कामावर गेला. मजुरी बुडाली नाही म्हणून आई खूश होती.

"आठव्या दिवशी सकाळी त्येला भाकरी खाता येईना. दात उघडंनात. आम्हाला वाटलं, गार वारं लागलं. दुपारी पाठीची कमान झाली. एवढा ताठ, की नुसत्या टाचा आन् डोकं भुईला. कुणी भांडं वाजवलं तरी झटका यायचा. बैलगाडीतनं न्हेला." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "डॉक्टर म्हणला, धनुर्वात. म्हणला, लागलं त्या दिशी धुऊन, सुई टोचून घेतली असती तर पोर गेलं नसतं. पाला काय लावला म्हून त्यानं मला एक शबूद बोलला न्हाय. पण मला कळलं. मी भोक बुजवलं."

चुलीतलं लाकूड विझत आलं होतं. कुणी ते पुढं सारलं नाही.

पोरीनं दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सांगितलं तेव्हा मॅडमनी पुस्तकातलं एक पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. क्लोस्ट्रिडियम टेटनी. मातीत, शेणात, गुराढोरांच्या गोठ्यात त्याची बीजं वर्षानुवर्षं तग धरून राहतात. आणि तो हवेत वाढत नाही. प्राणवायू लागला की त्याची वाढ खुंटते. खोल, बुजलेली, वारा न लागणारी जखम हेच त्याचं रान. उघड्या कपाटासारख्या इन्क्युबेटरमध्ये, हवा खेळत्या प्लेटवर तो उगवलाच नसता. म्हणजे तिनं हजार प्लेटा घातल्या असत्या आणि प्रत्येकीत १६ चं वर्तुळ आलं असतं, तरी तिच्या मामेआज्जाला ज्यानं नेलं त्या जंतूबद्दल त्या प्लेटांनी चकार शब्द काढला नसता. बाटलीवर ‘सिद्ध’ हा शब्द वाचून एखाद्या वारकऱ्यानं खिळा घुसलेल्या पायावर अर्क ओतला असता, पट्टी बांधली असती आणि सुई न घेता पंढरीची वाट धरली असती.

मॅडमनी आणखी एक सांगितलं, कारण पोरीच्या मनातून पाला उतरत चालला होता आणि तेही बरोबर नव्हतं. सर्पगंधेची मुळी आपल्याकडं किती पिढ्या वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकीलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, रक्तदाब मोजला, नोंदला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांची हकीकत छापली. तेव्हा जगाचं लक्ष तिकडं गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. पुढं जास्त मात्रेत काही रुग्णांना गाढ उदासी येते हेही ध्यानात आलं, तेही लिहिलं गेलं. अडुळशाचंही तसंच: त्यातल्या व्हॅसिसिनवरून पुढं ब्रोमहेक्झिन घडलं, जे आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत आहे. "जुनं ज्ञान तपासल्यानं लहान होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण काचेतल्या जंतूपासून माणसाच्या पायापर्यंत फार लांबची वाट आहे. तू पहिल्या मैलावर आहेस. तेवढंच लिही."

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं पोस्टर लागलं. मधोमध चार खळग्यांची प्लेट. प्रत्येकाखाली आकडा, नुसत्या अल्कोहोलखाली सगळ्यांत ठळक. बाजूला पहिल्या प्लेटचाही फोटो, आणि तिच्याखाली तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं: ‘ही प्लेट फसवी आहे. अर्कातलं अल्कोहोल पूर्ण उडवलं नव्हतं. चूक माझी.’ तळाला आज्जीची रीत, आज्जीच्याच क्रमानं: आधी धुणं, मग विचारणं, वरवरच्या कापलेल्यालाच पाला, खोल जखमेला सुई. बक्षीस बारामतीच्या एका पोस्टरला गेलं, ज्यात रंगीत आलेख होते. परीक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ मात्र त्या चौथ्या खळग्यापुढं बराच वेळ उभे राहिले. जाताना त्यांनी पोरीला एवढंच विचारलं, "पुढं काय करणार?" ती म्हणाली, "रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणार. आज्जीनं तेच सांगितलं होतं."

नानांचा प्रश्न उरला होता. लेबलं छापून घरी आली होती. पोरगी त्यांच्या घरी गेली, ओसरीवर बसली आणि दोन्ही प्लेटा दाखवल्या. नाना आधी चिडले. "एवढ्याशा वर्तुळानं काय हुतंय? गावभर सगळे हेच लावत्यात." तिनं विकायला परवाना लागतो हे सांगितलं, १९४०च्या औषध कायद्याप्रमाणं आयुर्वेदिक औषधसुद्धा परवान्याशिवाय बनवून विकता येत नाही. नानांनी ते कानाआड केलं. मग तिनं आज्जीच्या भावाची गोष्ट सांगितली. नानांनीही ती कधी ऐकली नव्हती. त्यांना आपली चुलती उभी दिसली, बारा वर्षांची, ओढ्याकाठी पाला खुडताना. ते उठले, आतून लेबलांचा गठ्ठा आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. "पाठकोऱ्या हायेत," म्हणाले. "तुला वहीला हुतील."

पालखी आली तेव्हा अंथुर्ण्याच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या लिंबाखाली तिघं बसले होते. नानांनी पाण्याची टाकी आणि साबणाच्या वड्या आणल्या होत्या. आज्जी एकेक पाय मांडीवर घेऊन धूत होती, विचारत होती. नात पुसून कोरडं करत होती. फुटलेल्या फोडावर स्वच्छ पट्टी. ठेच लागून वरचं कातडं गेलेल्याला, त्यानं मागितला तर, आज्जीचा पाला.

दुपारी एक म्हातारे वारकरी आले. टाळ गळ्यात, डाव्या पायात गंजलेला खिळा घुसून निघालेला. भोक बारीक, रक्त थांबलेलं. ते स्वतःच म्हणाले, "माउली, दगडीपाला हाय का? तेवढा भरा की भोकात. दिंडी पुढं जाईल."

आज्जीनं त्यांचा पाय धुतला. खूप वेळ धुतला. मग त्यांच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "भाऊ, ह्याला पाला न्हाय." नानांनी त्यांना मोटारसायकलवर मागं घेतलं आणि आरोग्य पथकाच्या गाडीपाशी नेलं. सुई घेऊन ते अर्ध्या तासात परत आले. दिंडी त्यांना निमगाव केतकीच्या वाटेवर भेटली.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादा पाला असेल, काढा असेल, मुळी असेल. ती सांभाळून ठेवणारी आज्जी, आत्या, मावशी असेल. ती आहे तोवर तिच्याजवळ बसा आणि हा कशावर चालतो, हे विचारून झालं की तेवढ्यावर उठू नका. हा कुणाला लावायचा नाही, तेही विचारा, आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. आणि शेतात, रस्त्यावर, गोठ्यात काही खोल टोचलं, तर जखम धुवा आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.